एस१पी आणि रोगप्रतिकारक पेशी: आधी विचारा, पेशी आहे कुठे?

प्रश्न असा आला आहे: "स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, म्हणजे एस१पी, हे लिपिड रोगप्रतिकारक पेशींना स्वतःकडे खेचतं असं पाठ्यपुस्तकात आहे. फिंगोलिमोड हे औषध एस१पीच्याच रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चालना देतं. मग ते घेतल्यावर रक्तातल्या लिम्फोसाइट (टी आणि बी पेशींसारख्या पांढऱ्या पेशी) वाढण्याऐवजी घटतात कशा? न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) आणि एनके (नैसर्गिक मारेकरी) पेशी तशा का घटत नाहीत? आणि मुळात एस१पी दाह वाढवतं की कमी करतं?"

मी इम्युनॉलॉजीचा माणूस. प्रयोगशाळेत पेशींच्या हालचालींवर काम करत आलो आहे आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट न्यूरॉलॉजीतल्या सहकाऱ्यांबरोबर बसून पाहतो. हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, रुग्ण विचारतात आणि कधी कधी डॉक्टरही विचारतात. तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण गल्लत बहुधा तिथेच होते. एस१पी दाह वाढवतं म्हणणंही चूक आणि कमी करतं म्हणणंही चूक. त्याचा परिणाम दोन गोष्टींवर ठरतो. एक, पेशी त्या घडीला शरीरात कुठे आहे. दोन, एस१पीच्या पाच रिसेप्टरपैकी कोणते आणि किती तिच्या पृष्ठभागावर आहेत. या दोन गोष्टी कळल्या की वरवर परस्परविरोधी वाटणारी बरीचशी निरीक्षणं जागच्या जागी बसतात. त्या न विचारता वाचलं तर एकाच रेणूवरचे दोन शोधनिबंध एकमेकांना खोडून काढताहेत असं वाटत राहतं.

आधी जागेचं पाहू. रक्ताच्या प्लाझ्मात एस१पी साधारण एक मायक्रोमोलर, म्हणजे हजार नॅनोमोलर, असतं. लसिकेत, म्हणजे लिम्फमध्ये, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि लसिका ग्रंथी, थायमस, प्लीहा यांच्या आतल्या गाभ्यात, जिथे लिम्फोसाइट दाटीवाटीने असतात, तिथे ते फार म्हणजे फारच कमी, काही नॅनोमोलर. म्हणजे ऊतीच्या आतून बाहेरच्या वाहिनीकडे जाताना एस१पीचा चढ लागतो. हा चढ आपोआप टिकत नाही, शरीर तो सतत राखत असतं. रक्तातलं एस१पी मुख्यतः तांबड्या पेशींकडून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींकडून येतं. तांबड्या पेशींत एस१पी तोडणारं लायेज हे एन्झाइम नसतं, त्यामुळे त्या ते साठवून ठेवू शकतात आणि एमएफएसडी२बी या वाहक प्रथिनातून बाहेर सोडतात. अस्तरपेशींचा वाहक वेगळा, एसपीएनएस२. लसिकेतलं एस१पी लसिकावाहिन्यांच्या अस्तरपेशी याच एसपीएनएस२मधून देतात. उंदरांत फक्त लसिकावाहिन्यांच्या अस्तरातून हा वाहक काढून टाकला तर रक्तात एस१पी जसंच्या तसं राहतं, लसिकेतलं मात्र जातं आणि लिम्फोसाइट ग्रंथीत अडकून पडतात.

दुसऱ्या बाजूला ऊतींमधलं लायेज आणि फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइमं एस१पी सतत संपवत असतात. या बाजूचं महत्त्व दाखवणारा २००५ सालचा प्रयोग मला फार आवडतो. कॅरॅमल रंगाच्या एका प्रकारात टीएचआय नावाचं संयुग असतं आणि ते दिलेल्या उंदरांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट कमी होतात, हे आधीपासून माहीत होतं. कारण कळत नव्हतं. तपासल्यावर दिसलं की टीएचआयमुळे लायेज बंद पडतं आणि लसिका ग्रंथींच्या आतलं एस१पी कित्येक पटींनी वाढतं. म्हणजे शरीरात एस१पी वाढलं आणि तरी पेशी बाहेर पडेनात. कारण आत आणि बाहेर यांतला फरकच पुसला गेला. पेशीला एकूण किती एस१पी आहे हे कळत नाही. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी आहे, एवढंच कळतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

उरलेलं अर्धं टी-पेशीच्या एका फेरीत आहे. ती फेरी नीट पाहू.

कोरी टी-पेशी, म्हणजे जिला तिचा प्रतिजन (ती ओळखते तो परका अंश) अजून भेटलेला नाही अशी लिम्फोसाइट, रक्तातून लसिका ग्रंथीत शिरते. रक्तात असताना ती एस१पीत बुडालेली असते, त्यामुळे तिच्यावरचा रिसेप्टर १ (एस१पीच्या पाचपैकी पहिला) सतत चेतवला जातो आणि पेशी तो आत ओढून घेते. या ओढून घेण्यात जीआरके२ या कायनेजचा, म्हणजे फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमचा, हात असतो. उग्र वासाच्या खोलीत थोडा वेळ बसलं की नाकाला तो वास जाणवेनासा होतो, तसंच हे. ग्रंथीच्या आत एस१पी जवळजवळ नाही. तिथे काही तास फिरत, डेंड्रायटिक पेशींनी दाखवलेले प्रथिनांचे तुकडे चाचपत असताना तिचा रिसेप्टर १ हळूहळू पुन्हा पृष्ठभागावर येतो. आता तिला बाहेरचा चढ जाणवू लागतो. त्याच वेळी सीसीआर७ हा दुसरा रिसेप्टर तिला ग्रंथीच्या गाभ्यात धरून ठेवत असतो. दोन ओढींत रिसेप्टर १ची सरशी झाली की पेशी ग्रंथीतल्या लसिकापोकळीच्या भिंतीतून पलीकडे जाते, लसिकेबरोबर वाहत पुन्हा रक्तात येते आणि रिसेप्टर परत आत जातो. मग पुढची ग्रंथी. आपल्या शरीरातल्या कोऱ्या टी-पेशी आयुष्यभर अशा फिरत असतात.

फेरीत एखाद्या ग्रंथीत तिला तिचा नेमका प्रतिजन सापडला, तर मात्र तिला लगेच बाहेर पडून चालणार नाही. विभाजनाला वेळ हवा, मदतनीस पेशींचा सहवास हवा. इथे निसर्गाने केलेली सोय मला आजही थक्क करते. चेतवलेल्या पेशीवर काही तासांतच सीडी६९ हे प्रथिन येतं. सीडी६९ला आपण वर्षानुवर्षं नुसती 'पेशी जागी झाल्याची खूण' म्हणून मोजत होतो. २००६ साली दाखवलं गेलं की ते रिसेप्टर १ला चिकटून त्याला पृष्ठभागावरून खाली ओढतं. जोडीला केएलएफ२ हा लेखनघटक, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन, खाली जातो आणि रिसेप्टरचं उत्पादनही थांबतं. पेशी दोन-तीन दिवस ग्रंथीतच राहते, विभागते, तयार होते. मग सीडी६९ ओसरतं, रिसेप्टर १ परततो आणि तयार पेशींची फौज बाहेर पडते. विषाणूसंसर्गात तयार होणारे टाइप-१ इंटरफेरॉन (विषाणूचा इशारा देणारी प्रथिनं) थेट सीडी६९ वाढवतात, त्यामुळे ज्यांना प्रतिजन सापडलेला नाही अशा पेशीही तात्पुरत्या थांबतात. संसर्गाच्या पहिल्या दिवसांत रक्तातल्या लिम्फोसाइट खाली दिसतात आणि मानेतल्या, काखेतल्या गाठी सुजतात, त्यामागचं हे एक ठोस कारण आहे.

रिसेप्टर १ नसेल तर काय होतं, हे २००४ साली उंदरांत स्पष्ट झालं. ज्या टी-पेशींत हा रिसेप्टर नाही त्या थायमसमध्ये व्यवस्थित पिकतात, पण बाहेर पडू शकत नाहीत. रक्तात टी-पेशी जवळजवळ दिसतच नाहीत.

त्वचा, आतडं, फुप्फुस यांत कायमच्या वस्तीला राहणाऱ्या स्मृती टी-पेशी (आधी भेटलेला प्रतिजन लक्षात ठेवणाऱ्या) हीच युक्ती कायमची वापरतात. त्यांच्यात केएलएफ२ आणि रिसेप्टर १ दोन्ही दबलेले असतात आणि सीडी६९ कायम वर असतं. प्रयोगात अशा पेशींना जबरदस्तीने रिसेप्टर १ करायला लावलं तर त्या ऊतीत टिकत नाहीत. म्हणजे एस१पीचा निरोप न ऐकणं हीच त्यांची तिथे राहण्याची अट आहे. हे पुढे औषधाच्या संदर्भात कामाला येईल.

आणखी एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकांत अजून फारशी उतरलेली नाही. एस१पी टी-पेशीला फक्त वाट दाखवत नाही, जगवतंही. लसिकावाहिन्यांकडून मिळणारं एस१पी तोडलं तर कोऱ्या टी-पेशींच्या मायटोकॉन्ड्रियांचं काम बिघडतं आणि त्यांची संख्या घटते, असं २०१७ साली उंदरांत दाखवलं गेलं. म्हणून 'एस१पी म्हणजे पेशींच्या वाहतुकीचा रेणू' एवढंच म्हणून थांबणं मला अपुरं वाटतं.

आता फिंगोलिमोड. याची कुळी मायरिओसिनशी जुळते. आयसेरिया सिनक्लेअरी या कीटकांवर वाढणाऱ्या बुरशीतून मिळालेलं हे संयुग प्रतिकारशक्ती दाबत होतं, पण विषारी होतं. जपानमध्ये तेत्सुरो फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रचनेत फेरफार करून एफटीवाय७२० तयार केलं, तेच फिंगोलिमोड. ते कशावर काम करतं हे बराच काळ कळलेलं नव्हतं. शरीरात त्याला फॉस्फेट जोडलं जातं आणि जोडल्यावर ते हुबेहूब एस१पीसारखं दिसतं, हे २००२ साली कळलं; जोडण्याचं हे काम मुख्यतः स्फिंगोसिन कायनेज २ करतं. पाचपैकी १, ३, ४ आणि ५ या चार रिसेप्टरवर ते बसतं, २वर नाही.

मग चालना देणारं औषध अटकाव का करतं? कारण चालना मिळाल्यावर रिसेप्टरचं पुढे काय होतं, यात फरक आहे. खरं एस१पी चिकटलं की रिसेप्टर १ आत जातो आणि बऱ्याच अंशी पुन्हा वर येतो. फिंगोलिमोड-फॉस्फेट चिकटलं की आत गेलेल्या रिसेप्टरवर युबिक्विटिनची खूण लागते आणि तो मोडीत काढला जातो. औषध ग्रंथीच्या आतही असतं, बाहेरही असतं. म्हणजे पेशीला ग्रंथीत बसून रिसेप्टर परत मिळवायची उसंतच मिळत नाही. बाहेरचा चढ शाबूत आहे, पण तो जाणवायला पेशीकडे काही उरलेलं नाही. सीसीआर७ची ओढ मात्र तशीच आहे. पेशी आतच राहते. पहिल्या क्षणी हे औषध चालना देणारं असतं आणि टिकून राहिल्यावर व्यवहारात विरोधक ठरतं. तुमचा विरोधाभास इथे सुटतो.

यातून एक नेमका अंदाज निघतो आणि तो रुग्णांच्या रक्तात खरा ठरतो. ज्यांच्यावर सीसीआर७ आहे त्याच पेशी ग्रंथीत अडकायला हव्यात. तसंच होतं. कोऱ्या टी-पेशी आणि मध्यवर्ती स्मृती टी-पेशी रक्तातून जोरात घटतात. सीसीआर७ नसलेल्या परिधीय स्मृती टी-पेशी मुळात ग्रंथींतून फारशा फिरतच नाहीत, त्या बऱ्याच प्रमाणात टिकतात. सीडी४ (मदतनीस) टी-पेशी सीडी८ (मारेकरी) टी-पेशींपेक्षा जास्त घटत असल्याने दोघींचं गुणोत्तर उलटं होतं. आणि ऊतीत वस्तीला असलेल्या स्मृती टी-पेशींवर औषधाचा तसा परिणाम नाही, कारण त्या एस१पीच्या भरवशावर कुठे जातच नव्हत्या.

बी-पेशींकडे वळू, कारण एकाच पेशीत दोन रिसेप्टर उलट कामं कशी करतात हे इथे सगळ्यात सुंदर दिसतं. ग्रंथीतून किंवा अस्थिमज्जेतून बाहेर पडायला बी-पेशीही रिसेप्टर १ वापरते. प्लीहेतल्या मार्जिनल झोनच्या, म्हणजे काठावरच्या पट्ट्यातल्या, बी-पेशी तर त्याच्याच बळावर रक्ताच्या काठाशी उभ्या असतात. सीएक्ससीएल१३ हा केमोकाइन (पेशींना ओढणारं प्रथिन) त्यांना आत, फॉलिकल या बी-पेशींच्या वस्तीकडे ओढतो आणि एस१पी बाहेर, रक्ताकडे. त्या या दोन जागांमध्ये ये-जा करतात, काठावर रक्तातला प्रतिजन पकडतात आणि आत नेऊन पोचवतात. फिंगोलिमोड दिलं की त्या काठ सोडून फॉलिकलमध्ये सरकतात.

जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे फॉलिकलमधल्या बी-पेशींच्या विभाजनाच्या केंद्रात, शिरलेली बी-पेशी मात्र रिसेप्टर १ जवळपास टाकून देते आणि रिसेप्टर २ चढवते. हा रिसेप्टर आतल्या संदेशवहनात वेगळ्या जी-प्रथिनाला, जीअल्फा१३ला, जोडलेला असतो आणि तो हालचाल रोखतो. फॉलिकलच्या कडेला एस१पी जास्त, जर्मिनल सेंटरच्या मध्यात कमी. कडेकडे सरकणाऱ्या पेशीला रिसेप्टर २ माघारी वळवतो. त्यामुळे पेशींचा हा पुंजका मध्यभागी बांधलेला राहतो. एकच रेणू, तोच चढ आणि रिसेप्टर बदलताच 'ये'चं 'येऊ नकोस' होतं. शिवाय रिसेप्टर २ या पेशींच्या वाढीलाही लगाम घालतो. माणसांतल्या डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगात या रिसेप्टरच्या जनुकात किंवा त्याच्या पुढच्या जीअल्फा१३च्या जनुकात बिघाड सापडतात. बंधन सुटलेल्या पेशींचा कर्करोग होण्यात या वाटेचा वाटा आहे.

अँटिबॉडी तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींना ग्रंथीतून किंवा प्लीहेतून निघून अस्थिमज्जेत पोचायला पुन्हा रिसेप्टर १च लागतो.

एनके पेशींचा प्रश्न तुम्ही विचारलात, तो अगदी मर्मावर आहे. त्या मुख्यतः रिसेप्टर ५ वापरतात. तो टी-बेट या लेखनघटकाच्या हुकमाखाली असतो. रिसेप्टर ५ नसलेल्या उंदरांत एनके पेशी अस्थिमज्जेत आणि ग्रंथींत साचतात, रक्तात कमी दिसतात. सीडी६९ ज्याला धरून आत ओढतं तो रिसेप्टर १ असतो, ५ त्याच्या तावडीत सापडत नाही. याचा अर्थ लावायला मला आवडतो: संसर्ग सुरू झाला की टी-पेशींना ग्रंथीत थांबून तयारी करायची असते, एनके पेशींना मात्र तत्काळ बाहेर पडून कामाला लागायचं असतं. वेगळा रिसेप्टर असल्याने दोन्ही एकाच वेळी साधतं. फिंगोलिमोडवरच्या रुग्णांत पक्व एनके पेशी, म्हणजे ज्यांच्यावर सीडी५६ ही पृष्ठभागावरची खूण कमी असते त्या, बऱ्यापैकी टिकतात. सीडी५६ भरपूर असलेला जो छोटा गट आहे तो घटतो, कारण त्याच्यावर सीसीआर७ असतं. म्हणजे 'एनके घटत नाहीत' हे ढोबळ विधान आहे. कोणत्या एनके, हे विचारायला हवं.

न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट लसिका ग्रंथींच्या या फेऱ्या मारतच नाहीत. त्या अस्थिमज्जेतून रक्तात आणि रक्तातून ऊतीत जातात आणि त्यांचे मुख्य मार्गदर्शक वेगळे केमोकाइन असतात. म्हणून औषधाने त्यांची संख्या फारशी हलत नाही. मात्र एस१पीचं त्यांच्याशी काहीच देणंघेणं नाही असं समजू नका. मोनोसाइट-मॅक्रोफेजना जखमेकडे किंवा धमनीच्या भिंतीतल्या दाहाकडे ओढण्यात रिसेप्टर ३चा हात उंदरांत दिसतो आणि रिसेप्टर २ त्यांची धाव आवरतो. मरू घातलेल्या पेशी एस१पी सोडतात, ते मॅक्रोफेजना 'मला शोधा' असा इशारा ठरतं. त्या पेशी गिळता गिळता मॅक्रोफेज शांत, दुरुस्ती करणाऱ्या वळणावर जातो. इथे तेच एस१पी दाह शमवायच्या बाजूला उभं असतं.

अॅलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशींत ते नेमकं उलट्या बाजूला. आयजीई (अॅलर्जीतली अँटिबॉडी) बांधलेल्या मास्ट पेशीला अॅलर्जन भेटला की तिच्या आतलं स्फिंगोसिन कायनेज जागं होतं, पेशी स्वतःच एस१पी बनवते, बाहेर सोडते आणि स्वतःच्याच रिसेप्टरवर झेलते. रिसेप्टर १मुळे ती प्रतिजनाकडे सरकते. रिसेप्टर २ वाढला की सरकणं थांबतं आणि हिस्टामिनच्या पुड्या फुटतात. आधी जागेवर पोच, मग सोड, असा हा क्रम. अॅलर्जीच्या संदर्भात एस१पी दाह वाढवणारं ठरतं ते यामुळे. डेंड्रायटिक पेशींबद्दल थोडक्यात: पक्व झाल्यावर त्यांना लसिका ग्रंथीकडे नेण्यात रिसेप्टर १ आणि ३ भाग घेतात. प्लाझ्मासायटॉइड प्रकारात रिसेप्टर ४ असतो आणि तो चेतवला की इंटरफेरॉन-अल्फाचं उत्पादन कमी होतं.

एक पेशी रोगप्रतिकारक नसूनही इथे घ्यावीच लागते, ती म्हणजे रक्तवाहिनीची अस्तरपेशी. तिच्यावरचा रिसेप्टर १ शेजारच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवतो. रिसेप्टर २ ते सैल करतो. एचडीएल या रक्तातल्या मेदवाहक कणांवरच्या अॅपो-एम या प्रथिनाला बांधलेलं एस१पी, जे प्लाझ्मातल्या एस१पीचा मोठा हिस्सा असतं, हे घट्ट ठेवण्याचं काम विशेष करतं. बाकीचं बरंचसं अल्ब्युमिनवर असतं. वाहक बदलला तर परिणामाचा तोलही बदलतो. तेव्हा एखाद्या ऊतीत दाह कमी झाला तर तो पेशी न आल्यामुळे की वाहिनीची भिंत घट्ट राहिल्यामुळे, हे वेगळं करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर हे सगळं रोजच्या कामाचं आहे. फिंगोलिमोडला अमेरिकेत २०१० साली मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्यता मिळाली. फ्रीडम्स या चाचणीत अर्धा मिलिग्रॅम रोज घेणाऱ्यांत वर्षाला पुनरुद्भवाचं प्रमाण ०.१८ होतं, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ०.४०. औषधावर असलेल्या रुग्णाचा रिपोर्ट हातात आला आणि लिम्फोसाइट पूर्वीच्या पाव-एक हिश्श्यावर आलेल्या दिसल्या की नातेवाईक घाबरतात: पेशी मेल्या का? नाही, मेलेल्या नाहीत. त्या ग्रंथींत आहेत. आपण रक्त तपासतो आणि शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी रक्तात कोणत्याही वेळी जेमतेम दोनेक टक्केच असतात. रिपोर्टमधला आकडा वाटेवर किती आहेत ते सांगतो, शरीरात एकूण किती आहेत ते सांगत नाही. म्हणूनच केमोथेरपीनंतर पेशी नष्ट होऊन आलेला तेवढाच आकडा आणि हा आकडा, दोन्हींचा अर्थ एक नव्हे.

पण 'फक्त जागा बदलली आहे, काळजी नको' असंही मी कुणाला म्हणू देत नाही. ग्रंथीत बसलेली पेशी मेंदूवर किंवा त्वचेवर आलेल्या विषाणूपर्यंत पोचत नाही. नागिणीच्या विषाणूचा संसर्ग, क्रिप्टोकोकस बुरशीचा मेनिंजायटिस, क्वचित पीएमएल हा मेंदूचा विषाणूजन्य आजार, हे या औषधावर झालेले आहेत. म्हणून सुरू करण्याआधी कांजिण्यांच्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी तपासतात आणि नसतील तर लस देऊन महिनाभर थांबतात. औषध चालू असताना जिवंत विषाणूंची लस देत नाहीत. लिम्फोसाइट घनमिलिमीटरला २००च्या खाली गेल्या तर युरोपातल्या मार्गदर्शनानुसार औषध थांबवतात.

इतर दुष्परिणामही रिसेप्टरच्या जागेवरूनच कळतात. हृदयाची लय ठरवणाऱ्या पेशींवर एस१पीचे रिसेप्टर आहेत. पहिल्या डोसला, म्हणजे रिसेप्टर मोडीत निघण्याआधी, चालना खरीखुरी मिळते आणि नाडी मंदावते. म्हणून पहिल्या गोळीनंतर सहा तास रुग्णाला बसवून दर तासाला नाडी आणि रक्तदाब बघतात, आधी आणि शेवटी ईसीजी काढतात. पुढच्या डोसांना रिसेप्टर उरलेले नसतात म्हणून नाडी सावरते. चालना आणि अटकाव ही एकाच औषधाची दोन टोकं रुग्णाच्या मनगटावर बोट ठेवून कळतात, याहून चांगलं प्रात्यक्षिक मी विद्यार्थ्यांना दाखवू शकत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पाणी साचणं हा वाहिनीच्या सांध्यांशी जोडला जाणारा परिणाम. म्हणून तीन-चार महिन्यांनी डोळे तपासायचे.

पुढची औषधं अधिक निवडक आहेत. सिपोनिमोड आणि ओझानिमोड मुख्यतः १ आणि ५वर, पोनेसिमोड १वर. ओझानिमोडला २०२१ साली आणि एट्रासिमोडला २०२३ साली अल्सरेटिव्ह कोलायटिससाठीही मान्यता मिळाली, कारण आतड्याकडे जाणाऱ्या टी-पेशीही याच दारातून निघतात. औषध बंद केल्यावर पेशी परतायला किती वेळ लागतो यातही फरक आहे: फिंगोलिमोडनंतर एक ते दोन महिने, पोनेसिमोडनंतर एक-दोन आठवडे. गरोदरपणाचं नियोजन असेल किंवा गंभीर संसर्ग झाला तर हा फरक निर्णायक ठरतो. आणि अचानक बंद केल्यावर अडकलेल्या पेशी एकदम सुटतात, काही रुग्णांत आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळतो. आपल्या मनाने गोळी सोडू नका हे मी प्रत्येकाला बजावतो ते यासाठी.

तुम्ही यावर प्रयोग करणार असाल तर काही गोष्टी कामाच्या ठरतील. रक्तातून काढलेल्या लिम्फोसाइट थेट ट्रान्सवेलमध्ये (सच्छिद्र पडद्याने वेगळे केलेले वर-खाली दोन कप्पे) टाकून खाली एस१पी ठेवलं तर बहुधा त्या हलणारच नाहीत आणि तुम्हाला वाटेल एस१पी खेचतच नाही. त्यांचा रिसेप्टर अजून आत आहे. साध्या सीरममध्ये वाढवलेल्या पेशींचंही तेच, कारण सीरममध्येच एस१पी भरपूर असतं. आधी त्यांना कोळशाने लिपिड काढून टाकलेल्या सीरममध्ये किंवा मेदाम्लरहित अल्ब्युमिनमध्ये काही तास ठेवा, मग सीडी६२एल (कोऱ्या पेशींवरची एक खूण) याच्याबरोबर रिसेप्टर १ फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी तपासणारी पद्धत) वर आला का ते बघा आणि मगच प्रयोग लावा. मात्रा एकच घेऊ नका. प्रतिसादाचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो: दहा ते शंभर नॅनोमोलरच्या टप्प्यात पेशी सर्वाधिक सरकतात आणि एक मायक्रोमोलरला पुन्हा थंडावतात. फक्त वरची मात्रा घेतलेल्याचा निष्कर्ष 'परिणाम नाही' असा येतो आणि तो चुकीचा असतो.

एस१पी मोजायचं असेल तर प्लाझ्मा घ्या, सीरम नको. रक्त गोठताना प्लेटलेट स्वतःकडचं एस१पी ओततात आणि आकडा फुगतो. नमुना फार वेळ ठेवून किंवा झटके देत हाताळला, तांबड्या पेशी फुटल्या, तरी तेच. आणि वरच्या व खालच्या, दोन्ही कप्प्यांत सारखंच एस१पी घातलेली एक जोडी नियंत्रण (तुलनेसाठी) म्हणून नक्की ठेवा. तिथे पेशी सरकल्या नाहीत, तरच एरवी त्या चढामुळे सरकल्या असं तुम्हाला म्हणता येईल.